युरियाशिवाय कडधान्यं कशी पिकतात? मुळांवरच्या गाठी आणि रायझोबियमची गोष्ट

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडून उत्तनकडे निघालं की शहर हळूहळू बदलत जातं. टॉवर मागे पडतात, खाडीकडच्या बाजूला मिठागरं दिसायला लागतात. मग राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी ही गावं येतात आणि शेवटी उत्तनचा समुद्र.

२०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली होती. एवढ्या दाटीच्या शहराच्या या टोकाला शेतीचे छोटे तुकडे अजून टिकून आहेत. आणि जिथे शेत उरलेलं नाही, तिथे बाल्कनीतल्या कुंड्या आणि गच्चीवरचे ड्रम आहेत. त्यात मेथी, चवळी, वाल, घेवडा असं काही ना काही लावलेलं असतं.

यातल्या बऱ्याच जणांना रासायनिक खत वापरायचं नसतं. अशांच्या मोबाईलवर हमखास एक रील येतं, 'बियाण्याला हे जिवाणू लावा, युरियाची गरजच नाही.' खाली ऑनलाइन खरेदीची लिंक असते.

हा दावा खोटा नाही. पण तो अर्धाच आहे. पाकिटातले जिवाणू जिवंत असतील, ते त्याच पिकाचे असतील आणि जमीन त्यांना साथ देणारी असेल, तरच हे जमतं. यातली एक गोष्ट जरी चुकली तरी पाकीट वाया जातं. ते वाया गेलंय हे कळेपर्यंत पेरणीचा काळ निघून गेलेला असतो.

तर हे जिवाणू नेमके काय करतात? आणि सेंद्रिय शेती करणाऱ्यासाठी ते इतके महत्त्वाचे का आहेत?

हवेत नायट्रोजन भरपूर, मग पिकाला कमी का पडतो?

आपल्याभोवतीच्या हवेत जवळपास ७८ टक्के नायट्रोजन असतो. पानं हिरवी राहण्यासाठी, प्रथिनं तयार होण्यासाठी झाडाला नायट्रोजन लागतोच. तरीही पिकाला तो बाहेरून द्यावा लागतो.

कारण हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. हा बंध तोडणं झाडाला जमत नाही. झाडाला नायट्रोजन हवा असतो तो अमोनियम किंवा नायट्रेटच्या रूपात, मुळांवाटे.

माणसानं हा बंध तोडायला कारखाना उभारला. हाबर-बॉश पद्धतीने अमोनिया बनवणारा पहिला मोठा कारखाना जर्मनीत ओपाऊ इथे १९१३ साली सुरू झाला. त्यासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. युरियाची गोणी याच अमोनियापासून येते.

रायझोबियम नावाचे जिवाणू हेच काम शेतातल्या साध्या तापमानाला करतात. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम असतं. ते हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया बनवतं.

पण एकट्यानं राहणारे रायझोबियम हे काम पिकाच्या उपयोगी पडेल इतकं करत नाहीत. त्यासाठी त्यांना द्विदल पिकाच्या मुळात घर लागतं.

मुळावर गाठ तयार कशी होते?

वाल, मूग, तूर, हरभरा, सोयाबीन, भुईमूग ही सगळी एकाच कुळातली पिकं आहेत. जमिनीत नायट्रोजन कमी असला की त्यांची कोवळी मुळं फ्लॅव्होनॉइड प्रकारची रसायनं मातीत सोडतात. ही त्या झाडाची हाक असते.

मातीतल्या योग्य रायझोबियमला ही हाक कळते. उत्तरादाखल ते स्वतःचं एक रसायन सोडतात. ते पोहोचलं की मुळावरचा बारीक केस वाकतो आणि जिवाणूंना आपल्या कवेत घेतो. तिथून एका बारीक नळीतून जिवाणू मुळाच्या आत शिरतात. आत पेशी वाढतात आणि गाठ तयार होते. भुईमुगासारख्या काही पिकांत जिवाणू केसातून न जाता मुळाच्या फटीतून आत शिरतात, पण शेवट गाठीतच होतो.

गाठीत दोघांचा व्यवहार सुरू होतो. झाड पानांत तयार झालेली साखर खाली पाठवतं. जिवाणू त्या बदल्यात अमोनिया देतात.

यात एक अडचण असते. नायट्रोजिनेज विकर ऑक्सिजनमुळे खराब होतं, पण जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन तर लागतो. मग गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचं प्रथिन तयार होतं. ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच नात्यातलं आहे. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंना मोजून-मापून देतं. त्याच्यामुळेच काम करणारी गाठ आतून गुलाबी किंवा लालसर दिसते.

हा रंग लक्षात ठेवा. पुढे शेतात तपासणी करताना तोच कामी येतो.

हे कधी कळलं?

कडधान्यानंतर घेतलेलं पीक चांगलं येतं, हे शेतकऱ्यांना फार आधीपासून माहीत होतं. आपल्याकडे त्यासाठी 'बेवड' हा शब्दच आहे. आधीच्या पिकामुळे जमिनीला आलेला कस म्हणजे बेवड.

त्यामागचं कारण १९ व्या शतकाच्या शेवटी उलगडलं. हेर्मान हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानं १८८६ मध्ये बर्लिनमधल्या सभेत सांगितलं, की द्विदल पिकं मुळावरच्या गाठींमधून हवेतला नायट्रोजन मिळवतात. हेरमान विल्फार्ट यांच्याबरोबरचं त्यांचं सविस्तर संशोधन १८८८ मध्ये छापून आलं. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या मार्टिनस बायरिंक यांनी गाठीतले जिवाणू वेगळे काढून वाढवून दाखवले.

त्यानंतर दहा वर्षांच्या आत जर्मनीत 'नायट्राजिन' नावानं जिवाणूंचं संवर्धन विकायला आलं. म्हणजे आज ऑनलाइन 'नवं तंत्रज्ञान' म्हणून विकलं जाणारं पाकीट सव्वाशे वर्षांहून जुन्या कल्पनेवर उभं आहे.

भारतात या विषयाच्या अभ्यासाची सुरुवात एन. व्ही. जोशी यांच्या १९२० च्या कामापासून मानली जाते. पुढे कृषी विद्यापीठांनी स्वतःची संवर्धनं तयार केली. २००६ मध्ये केंद्र सरकारने १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात जैविक खतांचा समावेश केला आणि पाकिटात किमान किती जिवाणू हवेत याचे निकष ठरवून दिले.

मातीत जिवाणू असतातच, मग पाकीट कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. उत्तर पिकानुसार बदलतं.

सोयाबीनचं उदाहरण घ्या. हे पीक मूळचं पूर्व आशियातलं. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते मध्य भारतात व्यापारी पीक म्हणून पसरायला लागलं, तेव्हा इथल्या बहुतेक जमिनींत त्याला हवे असलेले जिवाणू जवळजवळ नव्हते. बी परदेशातून आलं, तसा त्याचा जोडीदारही आणावा लागला. आजही ज्या शेतात सोयाबीन कधीच घेतलेलं नाही, तिथे जिवाणू लावल्याचा फरक डोळ्यांना दिसतो. जिथे वर्षानुवर्षं सोयाबीन होतंय तिथे जिवाणू मातीत टिकलेले असतात आणि फरक कमी दिसतो.

तूर, मूग, उडीद, चवळी यांचं उलट आहे. ही पिकं आपल्याकडे हजारो वर्षं आहेत. त्यांच्या मुळांवर बसणारे जिवाणू जवळपास प्रत्येक शेतात सापडतात. पण मातीतले सगळे जिवाणू सारखे कामसू नसतात. काही गाठ करतात, झाडाची साखर घेतात आणि नायट्रोजन मात्र जेमतेम देतात. पाकिटातल्या चांगल्या जिवाणूंना या स्थानिकांशी स्पर्धा करावी लागते. त्यामुळे या पिकांत कधी चांगला फरक पडतो, तर कधी काहीच पडत नाही.

कोकणातला मामला तिसरा आहे. ठाणे, रायगड या पट्ट्यात खरिपात भात असतो. भात कापून झाला की जमिनीतल्या उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरायची जुनी रीत आहे. तोच वाल, ज्याला मोड काढून, सोलून डाळिंब्यांची उसळ होते आणि ज्याच्या ओल्या शेंगा रायगडात पोपटीच्या मडक्यात जातात.

भाताच्या शेतात चार महिने पाणी साचलेलं असतं. रायझोबियमला ऑक्सिजन लागतो. पाण्याखालच्या जमिनीत त्यांची संख्या घटते. त्यामुळे भातानंतर कडधान्य घेताना बियाण्याला जिवाणू लावणं हा शहाणपणाचा सौदा ठरतो.

एकच पाकीट सगळ्या पिकांना चालतं का?

नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

प्रत्येक पिकाची हाक वेगळी असते आणि ती ठरावीक जिवाणूंनाच कळते. ढोबळ गट असे आहेत:

- हरभरा: मेसोरायझोबियम गटातले जिवाणू. ते हरभऱ्याखेरीज फार कुणाच्या उपयोगाचे नाहीत.
- सोयाबीन: ब्रॅडिरायझोबियम जॅपोनिकम आणि त्याचे जवळचे भाऊबंद.
- वाल, चवळी, मूग, उडीद, तूर, भुईमूग: हा 'चवळी गट'. यांना ब्रॅडिरायझोबियमचे बरेच प्रकार चालतात.
- वाटाणा, मसूर: रायझोबियम लेग्युमिनोसेरम.
- राजमा, घेवडा: रायझोबियमचाच, पण वेगळा प्रकार.
- मेथी, लसूणघास: सायनोरायझोबियम.

म्हणजे हरभऱ्याचं पाकीट वालाला लावलं तर नुकसान होणार नाही, पण फायदाही होणार नाही. पाकिटावर नुसतं 'रायझोबियम' लिहिलेलं असेल आणि पिकाचं नाव नसेल, तर ते न घेतलेलं बरं.

सेंद्रिय शेतीत याचं महत्त्व जास्त का?

थोडा हिशोब करू. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं असतात. म्हणजे एक क्विंटल सोयाबीनमधून सहा किलोच्या आसपास नायट्रोजन शेताबाहेर जातो. हेक्टरी २० क्विंटल उत्पादन आलं तर फक्त दाण्यातून जवळपास १२० किलो नायट्रोजन गेला.

युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. ४५ किलोच्या गोणीत तो साधारण २१ किलो भरतो. म्हणजे हे १२० किलो युरियाच्या सुमारे सहा गोण्यांइतके झाले.

रासायनिक शेती करणाऱ्याच्या हातात एक सोय असते. गाठी आल्या नाहीत, पीक पिवळं पडलं, तर तो युरिया टाकून वेळ मारून नेऊ शकतो. सेंद्रिय शेतकऱ्याला ही मुभा नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम म्हणजे एनपीओपी असो की पीजीएस-इंडिया, दोन्ही प्रमाणीकरणांत युरिया चालत नाही. जिवाणू संवर्धक मात्र चालतात.

शेणखत, कंपोस्ट, पेंड यांतून नायट्रोजन मिळतो, पण सावकाश. उभ्या पिकाला ऐनवेळी पुरेल इतका तो त्यातून मिळवणं कठीण आणि महाग. त्यामुळे सेंद्रिय कडधान्याचा हंगाम बऱ्याच अंशी त्या मुळावरच्या गाठींवर उभा असतो.

पाकीट घेताना काय पाहायचं?

जिवाणू खत म्हणजे जिवंत माल आहे. दुधाच्या पिशवीसारखाच. तो खराब झाला तर वास येत नाही, रंग बदलत नाही. काळी भुकटी मेलेल्या जिवाणूंचीही तशीच दिसते.

सरकारी निकषानुसार भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत रायझोबियम हवेत. द्रवरूप असेल तर एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी.

हा आकडा मोठा वाटतो. पण बियाण्यावर वाटून पाहा. २५० ग्रॅमच्या पाकिटात निकषाप्रमाणे किमान १,२५० कोटी जिवाणू झाले. ते १० किलो सोयाबीनला लावायचे. दहा किलोत साधारण ८० हजार ते एक लाख दाणे असतात. म्हणजे एका दाण्याच्या वाट्याला सव्वा ते दीड लाख जिवाणू आले.

सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्यावर किमान एक लाख जिवंत जिवाणू असावेत, असा कॅनडासारख्या देशांचा निकष आहे. म्हणजे पाकीट नियमात बसत असलं तरी हातात शिल्लक फारशी नाही. दुकानात उन्हात ठेवलेल्या पाकिटातले अर्धे जिवाणू मेले, तर काम बिघडलंच.

म्हणून घेताना एवढं बघा:

- पिकाचं नाव छापलेलं आहे का?
- उत्पादनाची तारीख, बॅच नंबर आणि वापराची अंतिम तारीख आहे का? भुकटी साधारण सहा महिने टिकते. द्रवरूप जास्त टिकतं.
- दुकानात ते कुठे ठेवलंय? पत्र्याच्या शेडखाली, कीटकनाशकांच्या शेजारी असेल तर दुसरं दुकान पाहा.
- कुरिअरने मागवत असाल तर ऐन उन्हाळ्यात मागवू नका. तापलेल्या गाडीत दोन-तीन दिवस गेलेल्या पाकिटाचा भरवसा धरता येत नाही.

राज्यातली कृषी विद्यापीठं स्वतः जिवाणू संवर्धनं तयार करून विकतात. परभणी, राहुरी, अकोला इथल्या विद्यापीठांची संवर्धनं शेतकरी पेरणीआधी नेतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही हे काम चालतं. पेरणीच्या तोंडावर तिथे गर्दी होते, त्यामुळे आधी चौकशी केलेली बरी.

बियाण्याला लावायची पद्धत

१. एक लिटर पाण्यात साधारण १२५ ग्रॅम गूळ विरघळवून ते उकळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. कोमट पाण्यात जिवाणू टाकायचे नाहीत.

२. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम भुकटी हे नेहमीचं प्रमाण. द्रवरूप असेल तर किलोला ५ ते १० मिलि. पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा.

३. भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून पातळ लापशीसारखं करा. सगळं पाणी ओतायचं नाही. बी ओलसर होऊन प्रत्येक दाण्याला काळा थर बसेल इतकंच.

४. गोणपाटावर बी पसरून हातानं हलकेच चोळा. जोरात चोळलं तर सोयाबीन आणि भुईमुगाची साल निघते आणि उगवण घटते.

५. सावलीत सुकवा. उन्हात अजिबात नाही.

६. त्याच दिवशी पेरा. उद्यावर टाकलं की जिवाणूंची संख्या घसरते.

बीजप्रक्रियेचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम, असा साधा नियम सांगितला जातो. सेंद्रिय शेतीत रासायनिक बुरशीनाशक नसतं. तिथे ट्रायकोडर्मा आधी आणि रायझोबियम नंतर.

काम झालं की नाही, हे कसं कळणार?

पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांनी, पीक फुलोऱ्याच्या आसपास असताना शेतात जा. चार-पाच ठिकाणची झाडं निवडा. झाड उपटू नका, गाठी मातीतच राहतील. खुरप्यानं मातीच्या गोळ्यासकट झाड काढा आणि मुळं बादलीतल्या पाण्यात हलकेच धुवा.

आता गाठी मोजा आणि दोन-चार गाठी नखानं फोडा.

- आतून गुलाबी-लाल: गाठ काम करतेय.
- पांढरी: एक तर अजून कोवळी आहे, नाही तर निकामी आहे.
- हिरवट किंवा तपकिरी: गाठीचं आयुष्य संपत आलंय. शेंगा भरल्यावर हे साहजिक आहे, पण फुलोऱ्याआधीच दिसलं तर काहीतरी बिघडलंय.

मुख्य मुळाच्या वरच्या भागात, बुंध्याजवळ टपोऱ्या गाठी असतील तर बहुधा बियाण्याला लावलेले जिवाणू रुजले आहेत. लांबवरच्या बारीक मुळांवर सुट्या गाठी असतील तर त्या बहुधा मातीतल्या स्थानिक जिवाणूंच्या.

एक गल्लत टाळा. सूत्रकृमींमुळेही मुळांवर गाठी येतात. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि बोटानं सहज सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ते सुटत नाही.

खारट, आंबट आणि पाणथळ जमिनीत काय होतं?

उत्तनपासून खाडीकाठच्या गावांपर्यंत हा प्रश्न थेट लागू पडतो. खाडीचं पाणी शिरलेल्या खार जमिनीत रायझोबियम तग धरू शकतात. किंबहुना अनेकदा त्यांना झाडापेक्षा जास्त मीठ सोसतं. अडतं ते पहिल्या भेटीत. मुळाचा केस वाकण्याची आणि जिवाणू आत शिरण्याची पायरी मिठामुळे बिघडते. त्यामुळे 'मीठ सोसणारे जिवाणू' टाकून प्रश्न पूर्ण सुटत नाही. बांध नीट ठेवून खारं पाणी रोखणं आणि पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन जाऊ देणं याला पर्याय नाही.

कोकणातल्या जांभ्या जमिनीचा त्रास वेगळा. भरपूर पावसानं ती आम्लधर्मी, म्हणजे आंबट झालेली असते. त्यात लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. गाठींना स्फुरद मोठ्या प्रमाणावर लागतं. नायट्रोजिनेजमध्ये मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य असतं आणि आंबट जमिनीत तेही झाडाला कमी मिळतं. अशा ठिकाणी माती तपासून चुना देणं, सेंद्रिय शेतीत चालणारं रॉक फॉस्फेट वापरणं आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू सोबत देणं, हे उपाय केले जातात.

आणि पाणी. जमिनीत वाफसा नसेल, मुळांशी पाणी तुंबलेलं असेल, तर गाठी गुदमरतात. पाऊस लांबला की सोयाबीन पिवळं पडतं, त्यामागे हे एक मोठं कारण असतं.

बाल्कनीतल्या कुंडीत उपयोग होतो का?

होऊ शकतो. कोकोपीट आणि विकतच्या कंपोस्टचं मिश्रण असलेल्या कुंडीत रायझोबियम बहुधा नसतातच. तिथे वाल, चवळी किंवा घेवड्याच्या बियांना त्या-त्या गटाचं संवर्धन लावणं योग्य.

पण कुंडी कंपोस्टनं भरलेली असेल तर गाठी कमी येतात. कारण सरळ आहे. मातीत तयार नायट्रोजन असला की झाड साखर खर्चून जिवाणू पोसत नाही. हाच नियम शेतालाही लागू होतो. कडधान्याला नायट्रोजनयुक्त खताचा मारा केला की मुळावरच्या गाठी घटतात.

मेथीचं काय? पालेभाजी म्हणून मेथी महिन्याभरात निघते. मुंबईच्या किनाऱ्यालगत वाळूत होणारी इवलीशी समुद्रमेथी तर त्याहून लवकर. गाठी तयार होऊन नीट कामाला लागेपर्यंत भाजी कापलेली असते. तिथे पाकिटावर पैसे घालवण्यात फारसा अर्थ नाही. बियांसाठी मेथी घेणाऱ्याची गोष्ट वेगळी.

व्हायरल दावे किती खरे?

'एकदा जिवाणू टाकले की खत लागत नाही.' अर्धसत्य. रायझोबियम फक्त नायट्रोजन देतात. स्फुरद, पालाश, गंधक यांची सोय वेगळी करावी लागते. शिवाय पिकाचा सगळा नायट्रोजन हवेतून येत नाही. सोयाबीनमध्ये सरासरी ५० ते ६० टक्के हवेतून येतो, बाकी मातीतून.

'कडधान्य घेतलं की जमिनीत नायट्रोजन वाढतोच.' दरवेळी नाही. दाणे घरात गेले आणि भुसकट, मुळंही शेतातून निघाली, तर जमिनीच्या खात्यात फारसं काही उरत नाही. तुरीसारखं पीक भरपूर पाला गाळतं, तेव्हा बेवड चांगला पडतो. हिरवळीचं पीक जमिनीत गाडलं तर सगळंच मातीला मिळतं.

'जीवामृत दिलं की रायझोबियमची गरज नाही.' जीवामृतात बांधावरची मूठभर माती टाकतात, त्यातून काही रायझोबियम येऊ शकतात. पण ते कुठल्या पिकाचे आणि किती, हे ठरलेलं नसतं.

'गहू, भात, भाज्यांनाही रायझोबियम लावा.' त्यांच्या मुळांवर या गाठी होत नाहीत. भात, गहू, ज्वारीसाठी ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम असे वेगळे जिवाणू वापरतात. ते गाठ करत नाहीत आणि नायट्रोजनही तुलनेनं कमी देतात.

मग करायचं काय?

शेत छोटं असो वा मोठं, एक सोपा प्रयोग कुणालाही करता येतो. पेरताना दोन-तीन ओळी जिवाणू न लावता पेरा. त्या आधी पेरा, म्हणजे हाताला किंवा पाभरीला लागलेले जिवाणू त्यांना लागणार नाहीत. ओळींच्या टोकाला काठी रोवून खूण करा.

चाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची झाडं काढून गाठी शेजारी शेजारी ठेवा. फरक दिसला, तर तुमच्या जमिनीला पाकिटाची गरज आहे. दोन्हीकडे सारख्याच गुलाबी गाठी असतील, तर तुमच्या मातीत चांगले जिवाणू आधीच आहेत आणि पुढच्या वर्षी तो खर्च वाचवता येईल. दोन्हीकडे गाठीच नसतील, तर पाकीट, पाणी किंवा माती यांपैकी काहीतरी चुकलंय आणि ते पुढच्या पेरणीआधी शोधायला तुमच्याकडे वेळ आहे.

पाकिटामागे खर्च तसा थोडाच असतो. मोठी किंमत मोजावी लागते ती हंगाम हातातून गेल्याची. म्हणून यंदा वाल लावला असेल, तर महिना-सव्वा महिन्यानं एक झाड खणून काढा, मुळं धुवा आणि एक गाठ फोडून आतला रंग बघा.